मोडायला केलेला तुकडा

सायकल घ्यायला निघालेले लोक शोरूममध्ये जायच्या आधी माझ्याकडे येऊन जातात. मी सायकली विकत नाही, नुसत्या दुरुस्त करतो. त्यामुळे माझ्या सांगण्यात कमिशन नसतं एवढा त्यांना भरवसा. वारज्याला माझा दहा बाय चौदाचा गाळा आहे. समोर वाळू-सिमेंटवाला, शेजारी वडापाव. लोक मोबाइल पुढे धरतात : दादा, या तीनमधली कुठली घेऊ? मग सस्पेन्शन किती, ब्रेक ऑइलचे की केबलचे, चाक साडेसत्तावीसचं की एकोणतीसचं, सगळी चौकशी होते. रंगाची तर फारच होते. हँगरचं मात्र इतक्या वर्षांत दहाएक जणांनी विचारलं असेल, आणि त्यातल्या निम्म्यांचा आधी एकदा मोडलेला होता.

हँगर म्हटलं की माणसाला कपाट आठवतं. मुलाची सायकल घेऊन आलेल्या एका काकूंना मी म्हटलं, हँगर वाकलाय, नवा लागेल. त्या म्हणाल्या, अहो घरी डझनभर पडलेत, एक आणू का?

तर हा हँगर वेगळा. मागच्या चाकाचा ॲक्सल उजव्या बाजूला फ्रेमच्या ज्या खाचेत बसतो, तिथून खाली बोटभर पट्टी लोंबते. तिला १० मिलीमीटरचं भोक आणि त्यात एक मिलीमीटर पिचचे बारीक आटे. मागचे गिअर बदलणारा सांगाडा, म्हणजे डिरेलर, त्या आट्यांवर टांगलेला असतो. आम्ही धंद्यातले लोक त्याला आरडी म्हणतो. सायकलीच्या सगळ्या सामानात हा आरडी सर्वांत नाजूक, आणि ठेवलाय कुठे, तर बाहेर, उजव्या अंगाला, जमिनीपासून वीतभर उंचीवर. सायकल उजव्या कुशीवर पडली की पहिला मार त्यालाच. जुन्या पोलादी फ्रेमना ही पट्टी फ्रेमचाच भाग असायची. ॲल्युमिनियमच्या फ्रेमना ती बहुतेक वेळा वेगळी करून एकदोन स्क्रूंनी बसवतात. वाकली, मोडली, तर काढून दुसरी लावायची. नवी माउंटन बाइक घेताना ही पट्टी बदलता येणारी आहे का, ते बघायचं का? बघायचं. पण का बघायचं हे कळायला मला एक चांगली फ्रेम घालवावी लागली, तीही गिऱ्हाइकाची.

वडिलांचं दुकान कसबा पेठेत होतं. दुकान म्हणजे एका वाड्याच्या दरवाज्याजवळचा ओटा, वर ताडपत्री, खाली पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत तेव्हाचे ते मिस्त्री. हीरो, ॲटलस, बीएसए, सगळ्या काळ्या आणि सगळ्या पोलादी. दूधवाल्यांच्या सायकलींना दोन्ही अंगांना भरलेले कॅन, मागे आणखी एक. पुढचा चिमटा वाकला तर बाबा तो काढून शेजारच्या खिडकीच्या गजांत अडकवायचे आणि पाय देऊन सरळ करायचे. मग एक डोळा मिटून बघायचे, पुन्हा एकदा पाय. झालं. पोलाद असंच असतं, वाकतं आणि समजूत घातली की परत येतं. बाबांच्या तोंडी कौतुकाचा शब्द एकच होता, मजबूत. सायकल मजबूत, सून मजबूत, एकदा तर डॉक्टरसुद्धा मजबूत.

मी गिअरच्या सायकलींकडे वळलो तेव्हा पहिलीच चाळीस हजारांची सायकल त्यांना दाखवायला नेली. त्यांनी चाक उचलून सोडलं, आवाज ऐकला, रिम फिरवून आउट, म्हणजे चाकाची डुगडुग, बघितला. मग खाली बसून हँगरला अंगठ्याने दाबून पाहिलं. "एवढा सगळा कारभार या पट्टीवर टांगलाय? आणि ती दोन स्क्रूंवर?" मला उत्तर आलं नाही. मनातून मलाही ते पटलंच होतं.

गिअर लागत नाहीत म्हणून सायकल येते, तेव्हा गिऱ्हाईक बहुतेक वेळा घरी यूट्यूब बघून दोन तास खटपट करून आलेलं असतं. केबल ताणली की गिअरच्या मोठ्या चकत्यांवर चेन नीट चढते आणि छोट्यांवर करकरते. ढिली केली की उलटं. वरचे जमवावेत तर खालचे बिघडतात. हे लक्षण ऐकलं की मी केबलला हातच लावत नाही, सायकलच्या मागे जाऊन उकिडवा बसतो. आरडीच्या दोन पुल्या वरच्या चकतीच्या रेषेत सरळ खाली दिसल्या पाहिजेत. त्या आत, स्पोकच्या बाजूला कललेल्या दिसल्या की हँगर वाकलाय. मग विचारायचं, कुठे पडलात? उत्तर ठरलेलं असतं : पडलो नाही, नुसती भिंतीला टेकवली होती, ती घसरली. किंवा बसच्या डिक्कीतून आणली. नवी कोरी असली तर ऐकायला मिळतं की आणल्यापासून अशीच आहे. तेही खरं असतं. सायकली कारखान्यातून खोक्यात येतात, खोकी एकमेकांवर रचतात, आणि फिटरने डोळ्यांनी बघून 'ठीक आहे' म्हटलेलं असतं.

पूर्वी याचं एवढं काही वाटत नसे. शिफ्टरला खटके नव्हते. तरफ हवी तेवढी सरकवायची आणि आवाज थांबला की गिअर लागला. १९८४ साली शिमानो कंपनीने आपल्या ड्यूरा-एस गिअरसेटमध्ये खटक्यांची पद्धत आणली. एक खटका, एक गिअर. तेव्हापासून आरडी नेमका किती सरकतो ते शिफ्टरनेच ठरवलेलं असतं, त्यामुळे आरडी जिथे टांगलाय ती जागाच तिरकी असली तर सगळं गणित तिरकं. त्यात चकत्या वाढत गेल्या. सात गिअरच्या फ्रीव्हीलवर एका चकतीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत ५ मिलीमीटर असतात. आठवर ४.८. बारा गिअरच्या कॅसेटवर जेमतेम साडेतीनच्या वर. हँगर दोन-तीन अंश आत गेला की पुली दोन-तीन मिलीमीटर सरकते. सातवाल्याचं त्यावरही कसंबसं भागतं. बारावाल्याची चेन नाचते.

आणि खरा धोका तो नाहीच. हँगर आत वाकलेला असताना चढावर सर्वांत मोठी चकती लावली, की आरडीचा सांगाडा स्पोकला चाटतो. एक स्पोक त्याला पकडतो आणि चाकाबरोबर वर ओढतो. आरडी गेला, चार-पाच स्पोक गेले, कधी चेनही. हे सगळं अर्ध्या सेकंदात होतं आणि आवाज असा येतो की माणूस पुढचे दोन महिने त्या चढावर गिअर बदलत नाही.

सुरुवातीला हँगर सरळ करायचा गेज माझ्याकडे नव्हता. पार्क टूलचा बाहेरून मागवावा लागायचा, आणि तेवढ्या पैशांत गाळ्याचं महिन्याचं भाडं निघत होतं. एका जुन्या जाणत्या मिस्त्रींनी युक्ती सांगितली. क्विक रिलीजवाल्या मागच्या चाकाचा पोकळ ॲक्सल १० मिलीमीटरचा आणि एक पिचचाच असतो, म्हणजे हँगरच्याच आट्यांचा. तेव्हा एक भंगारातलं चाक घ्यायचं, त्याच्या ॲक्सलचं टोक हँगरच्या भोकात फिरवून बसवायचं. आता सायकलीला मागे दोन चाकं झाली, शेजारी शेजारी. दोन्ही रिममधली फट वर, खाली, पुढे, मागे टेपने मोजायची. सगळीकडे सारखी आली की हँगर सरळ. नाही आली तर त्या बाहेरच्या चाकालाच धरून हलकेच दाबायचं. दीड-दोन वर्षं मी याच चाकावर काढली. शेजारचा वडापाववाला म्हणायचा, याने आता तीनचाकी काढली.

मग गेज घेतला. त्याचं काम मला अजून आवडतं, म्हणून सांगतो. आरडी सोडवून चेनवर लोंबता ठेवायचा. गेजचं टोक भोकात घट्ट बसवायचं. त्याला लांब दांडी, आणि दांडीवर पुढेमागे सरकणारी छोटी सळई. चाकाचा व्हॉल्व्ह घड्याळातल्या नऊच्या जागी आणायचा, सळई रिमला अलगद टेकवायची आणि स्क्रू आवळायचा. मग चाक अर्धं फिरवून तोच व्हॉल्व्ह तीनच्या जागी, दांडीही तिथे. रिमची तीच जागा पुन्हा मोजायची, म्हणजे रिमला आउट असला तरी माप फसत नाही. सळई रिमपासून किती लांब राहिली ते बघायचं. फट चार मिलीमीटरच्या आत असेल तर चालतं. मी दोनच्या आत आणतो, तेवढा हट्ट. मग असंच बारा आणि सहाच्या जागी. फट असेल तिथे दांडी दोन्ही हातांनी धरायची आणि दाबायची, पण चोरासारखी. आधी दांडी स्प्रिंगसारखा सगळा दाब परत करते. आणखी थोडं, आणखी थोडं, आणि मग एका क्षणी हाताला मऊ लागतं. तिथे थांबायचं. सोडून बघायचं, मोजायचं. त्या मऊपणाऐवजी बारीकसा 'टिक्' ऐकू आला तर हँगर गेला, भेग पडली. ॲल्युमिनियमची तार दोनचारदा इकडेतिकडे वाकवून बघा, प्रत्येक वेळी ती आणखी कडक होते आणि मग तुटते. म्हणून एकदा सरळ केलेला हँगर मी दुसऱ्यांदा सरळ करत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, द्या की करून, एवढ्याने काय होतंय. नाही करत.

आता त्या फ्रेमकडे येतो.

पावसाळा होता. बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ, वय पन्नाशीचं, रविवारी खडकवासल्यापलीकडे सिंहगडाच्या पायथ्याच्या वाटांवर सायकल चालवायचे. ओल्या वाटेवर करवंदीची फांदी आरडीत अडकली. त्यांना वाटलं चिखल आहे, म्हणून त्यांनी पायडलवर जोर दिला. फांदी पुलीबरोबर वर गेली, हँगरचे कडकन दोन तुकडे. चांगला माणूस, तयारीचा. जवळ चेन टूल होतं. चेन तोडून मधल्या एका चकतीवर आखूड जोडली आणि एका गिअरवर घरी आले. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे.

सायकल उत्तम होती. ॲल्युमिनियमची फ्रेम, पाच वर्षांची, एक ओरखडा नाही. हँगर बदलता येणारा, दोन स्क्रूंचा. विकणाऱ्याला फोन केला तर ते मॉडेल कंपनीने बंद केलेलं. महिनाभराने एक हँगर आला. बाकी सगळं हुबेहूब, पण दोन भोकांमधलं अंतर दोन मिलीमीटरने कमी. मी ऑनलाइन शोधलं. तिथे हँगरचे शेकडो आकार दिसतात, एकाच चित्राच्या शेकडो चुका काढल्यासारखे. एकाची कड गोल, दुसऱ्याची तिरपी, तिसऱ्याचा स्क्रू आतून. मी कागदावर काढलेल्या आकारावर प्रत्येक फोटो लावून बघितला. नाहीच मिळाला.

मग तुटलेले दोन तुकडे फेव्हिक्विकने चिकटवले आणि भोसरीला गेलो. तिथे एमआयडीसीत वायरकट मशीनवाले गल्लोगल्ली आहेत. मोटारींच्या सुट्या भागांचं काम करतात, असलं किरकोळ काम ओळखीवर. त्या माणसाने तुकडा हातात घेऊन मापं काढली आणि विचारलं, "कशात कापू? ॲल्युमिनियम की स्टील?"

मी म्हटलं, "ॲल्युमिनियमचा तर मोडलाच ना."

"मग ईएन-८ मध्ये घ्या. गाडीच्या शाफ्टचं मटेरियल. हा आयुष्यात मोडणार नाही."

बाबांचा शब्द माझ्या कानात होता. चार नग कापून घेतले. आट्यांना जरा वेळ लागला, कारण दहाचा टॅप त्याच्याकडे दीड आणि सव्वा पिचचा होता, एक पिचचा नव्हता; तो मी नाना पेठेतून आणून दिला. हँगर बसला तो असा की जणू कारखान्यातून आला. गिअर तर आधीपेक्षा खणखणीत लागायला लागले, कारण पट्टी दाबाखाली जराही लवत नव्हती. गृहस्थ खूश. मी त्याहून खूश. येईल त्याला उरलेले तीन दाखवत होतो. बाबांना दाखवला तेव्हा त्यांनी तो फरशीवर टाकून आवाज ऐकला आणि मान डोलावली.

दिवाळीनंतर ते गृहस्थ सायकल हाताने ढकलत आले. पडणं अगदी साधं होतं. उतारावर पुढचं चाक घसरलं आणि सायकल उजव्या बाजूने एका दगडावर टेकली. गुडघ्याला खरचटलं, बस्स. मी हँगर बघितला. फुटपट्टीसारखा सरळ. आरडीचा सांगाडा पिळवटलेला. आणि हँगर ज्या जागी फ्रेमवर बसतो तिथे स्क्रूच्या भोकापासून ॲक्सलच्या खाचेपर्यंत केसासारखी एक रेघ. मला आधी तो ओरखडा वाटला. बोटावर थुंकी घेऊन पुसलं. मग नख फिरवलं, आणि नख अडकलं.

नख अडकल्यावर मी बराच वेळ तसाच बसून होतो. मूळचा हँगर असता तर तो वाकला असता. फार तर तुटला असता. पाच-सातशे रुपयांची पट्टी, वीस मिनिटांचं काम. मी तिला मोडू दिलं नाही, म्हणून मार पुढे गेला, आणि पुढे फ्रेम होती.

आर्गॉन वेल्डिंगवाल्याकडे गेलो. तो सरळ माणूस निघाला. म्हणाला, भेग भरून देतो, पण उष्णतेने आजूबाजूचं ॲल्युमिनियम नरम पडणार. कारखान्यात वेल्डिंगनंतर फ्रेम भट्टीत घालून टेम्पर परत आणतात, ते मी इथे करू शकत नाही. शहरात चालवायची असेल तर बघा, डोंगरात नको. मी आलो आणि त्या गृहस्थांना सगळं सांगितलं, स्टीलचा निर्णय माझा होता हेही. त्यांनी भेगेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "म्हणजे तुमचा तुकडा तेवढा वाचला." बोलले एवढंच. मी एक जुनी फ्रेम शोधून माझ्या पैशाने घेतली, सगळं सामान तिच्यावर चढवलं, मजुरी घेतली नाही. ते पुढेही येत राहिले, पण दुसरं काही नवं बसवायचं म्हटलं की आधी विचारायचे, हे मूळचंच आहे ना?

तडकलेली फ्रेम मी गाळ्यात वर टांगून ठेवली. एकदा दौंडकडचे एक ऊसवाले शेतकरी कॉलेजातल्या मुलाची सायकल घेऊन आले. ती भेग कसली, त्यांनी विचारलं. मी सांगायला लागलो तर मला मध्येच थांबवून म्हणाले, "अहो, हा रोटाव्हेटरचा शिअर बोल्ट झाला. रानात दगड लागला की तो बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. आमच्या शेजाऱ्याने रोज बोल्ट बदलायचा वैताग नको म्हणून हाय-टेन्साइल बोल्ट ठोकला." पुढे काय झालं? "पुढे त्याने गिअरबॉक्स बदलला." फ्रेम घालवून जे मी शिकलो ते त्या माणसाला नांगरटीतून ठाऊक होतं.

म्हणून आता सायकल घ्यायला निघालेल्याला मी आधी माझ्याकडचं लोहचुंबक देतो. जुन्या स्पीकरमधलं आहे. ते फ्रेमला लावून बघायचं. चिकटलं तर पोलाद, नाही चिकटलं तर बहुधा ॲल्युमिनियम. पोलादी फ्रेम आणि हँगर तिच्यातच घडवलेला, तर मी काळजी करत नाही. तो वाकला तर सरळ करता येतो, दोनचारदासुद्धा. दहा-बारा हजारांच्या सायकलींना बऱ्याचदा वेगळा हँगर नसतोच, आरडीलाच पत्र्याचा कान असतो आणि तो चाकाच्या नटाखाली आवळलेला असतो. त्याला लोक नाक मुरडतात. मला तो गरिबाचा बदलता येणारा हँगर वाटतो. कुठल्याही गल्लीत मिळतो, आणि पान्ह्याशिवाय काही लागत नाही. घ्यायचीच नाही अशी सायकल म्हणजे ॲल्युमिनियमची फ्रेम आणि हँगर तिच्याशी एकजीव. हल्ली ती क्वचित दिसते. जुनी सेकंडहँड घेताना मात्र उजव्या बाजूला वाकून बघाच. पट्टी आणि फ्रेम यांच्यात सांध्याची रेघ आणि स्क्रूची डोकी दिसली पाहिजेत.

रेघ दिसली की लोकांना वाटतं, जिंकलो. बँकेतल्या गृहस्थांच्या सायकललाही ती होती. हँगर बदलता येतो, पण बदलायला मिळत नाही, तर ते नुसतं नावाला. त्यामुळे शोरूममध्ये एकच प्रश्न विचारा : या सायकलचा हँगर आत्ता मला हातात दाखवाल का? मागवून देतो, असतोच हो, कंपनीकडे पडून आहेत, ही उत्तरं मी धरत नाही. काढून दिला तर सायकलबरोबर दोन घ्या. एवढ्या एका प्रश्नावर मुलांनी आवडलेल्या सायकली सोडल्याचं मला माहीत आहे, आणि एकदोघांचे वडील माझ्यावर चिडलेलेही. ब्रेक आणि मापाच्या खालोखाल मी हे धरतो. सस्पेन्शनच्या वर. रंगाच्या तर कितीतरी वर.

या आकारांच्या जत्रेचा वैताग कंपन्यांनाही आला असावा. स्रॅम या कंपनीने २०१९ मध्ये एकच हँगर सगळ्यांसाठी म्हणून काढला, यूडीएच. कुठल्याही कंपनीने आपली फ्रेम त्या मापाची करावी, हँगर तोच. तो मागे फिरण्याइतका मोकळाही ठेवलाय, मार लागला तर आधी फिरतो. चांगल्या माउंटन बाइकवर आता बऱ्याच ठिकाणी तोच दिसतो, आणि दिसला की मला बरं वाटतं. गंमत अशी की २०२३ मध्ये त्याच स्रॅमने असा आरडी काढला ज्याला हँगर लागतच नाही. यूडीएचच्या जागीच तो फ्रेमला दोन्ही बाजूंनी धरून ॲक्सलवर बसतो. तो इतका दणकट आहे की माणूस त्यावर उभा राहिलेला व्हिडिओत दाखवतात. मी तो व्हिडिओ बघितला तेव्हा माझी नजर आपोआप वर टांगलेल्या फ्रेमकडे गेली. त्यांनी विचार केला असणारच. त्या आरडीचेच भाग सुटे-सुटे बदलता येतात, म्हणजे मोडायची जागा त्यांनी हँगरमधून आरडीत हलवली. पण त्या एका आरडीच्या किमतीत आमच्याकडे अख्खी सायकल येते. तूर्त मी हँगरवालाच.

गेल्या काही वर्षांत मनाली-लेहला जाणारे पुण्यातले बरेच जण माझ्याकडून सायकली तपासून घेतात. प्रत्येकाच्या सीटखाली मी एक हँगर टेपने चिकटवतो, स्क्रूसकट. स्क्रू विसरला तर हँगरचा उपयोग शून्य. पाच जणांचा एक गट गेला होता. त्यातल्या चौघांच्या सायकली माझ्या हाताखालून गेल्या होत्या, पाचवा आयत्या वेळी ठरलेला. सर्चूच्या पुढे त्या पाचव्याचा हँगर गेला, तंबूजवळ रात्री वाऱ्याने सायकल आडवी झाली एवढ्यावर. बाकीच्या चौघांनी आपापले हँगर काढून त्याच्यासमोर ठेवले. चार सायकली, चार आकार, पाचव्याला एकही बसेना. चेन तोडून एका गिअरवर गाटा लूप्सची २१ वळणं चढायची कल्पना त्यांनी तीन वळणांत सोडली. त्या मुलाने पुढचा सगळा रस्ता ट्रकच्या केबिनमधून बघितला. तो आता येतो तेव्हा आल्या आल्या खिशातून हँगर काढून दाखवतो, ओळखपत्र दाखवावं तसा.

सायकल ठेवायची तर डाव्या कुशीवर, एवढं मी सगळ्यांना सांगतो, आणि बसच्या डिक्कीत घालताना चेन मोठ्या चकतीवर घ्या म्हणजे आरडी आत सरकून राहतो. ऐकतात किती माहीत नाही. माझा त्यात धंदाच आहे.

बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत. दुपारी जेवून गाळ्यावर येतात, स्टुलावर बसतात, आलेल्या सायकलींची चाकं उचलून सोडतात. त्यांच्या जुन्या छर्ऱ्यांच्या डब्यात मी आता हँगर ठेवतो, प्रत्येकाला चिठ्ठी बांधून. ईएन-८चे उरलेले तीन त्यांना त्यात एकदा सापडले. हे का लावत नाहीस, म्हणाले. मी वर फ्रेमकडे बोट दाखवलं. ती गोष्ट त्यांना ठाऊक होती, तरी पुन्हा पूर्ण ऐकून घेतली. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा त्यांनी ड्रिल मागवून, शटरच्या आतल्या बाजूला भिंतीत एक हँगर स्क्रूने पक्का बसवला होता आणि त्यावर आपला रेनकोट अडकवला होता. रेनकोट ओला होता, चांगलाच जड. बाबांनी तो खाली ओढून बघितला, सोडला, पुन्हा ओढला.

"मजबूत आहे," ते म्हणाले.